बेड नंबर तीन

“आई, लाइन द्या! मेंदूचा स्कॅन आलाय!”

आतल्या खोलीतून सुनेची हाक आली, तसा सिस्टरांनी हातातला अर्धा सोललेला बटाटा पातेल्यात टाकला, हात टॉवेलला पुसले आणि फ्रिजवरचा फोन उचलला. घड्याळात अकरा चोवीस झाले होते. आधी वेळ बघायची आणि मग कशाला हात लावायचा, ही सवय छत्तीस वर्षांच्या नोकरीत अंगात मुरलेली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी ती काही निघाली नव्हती.

“अहो, तुमचं बंद करतेय!” त्या मधल्या खोलीकडे तोंड करून ओरडल्या.

“अगं, मुलांना अर्धाच त्रिकोण काढून दाखवलाय,” मास्तरांचा आवाज आला.

“अर्धा तर अर्धा. पेशंट आहे.”

पेशंट म्हटल्यावर या घरात पुढे बोलायची सोय नव्हती. मास्तरांनी संगणकातल्या सहा मुलांना ‘थोड्या वेळाने भेटू’ असं सांगितलं आणि चष्मा काढून ठेवला. सिस्टरांनी फोनवरची यादी उघडली. चार ओळी होत्या: बेड एक, बेड दोन, बेड तीन, बेड चार. प्रत्येकीपुढे हिरवा ठिपका. त्यांनी बेड दोन दाबला, ठिपका लाल झाला. बेड तीन लाल. बेड चार म्हणजे टीव्ही, तोही लाल. बेड एक तेवढा हिरवा ठेवला.

“दिली गं!”

सगळं मिळून अर्धं मिनिटही लागलं नाही. सिस्टर पुन्हा बटाट्यांकडे वळल्या.

या घरात इंटरनेटची जोडणी एकच आणि ओढणारे चार. बाहेरून आलेली तार पॅसेजमध्ये चपलांच्या कपाटावर टांगलेल्या पांढऱ्या डब्यात शिरायची आणि तिथून पुढे सगळा कारभार हवेतून. घर भाड्याचं. मालक भिंतीला खिळा ठोकू देत नव्हता, मग भोकं पाडून आतल्या खोलीपर्यंत तार कोण नेऊ देणार? सून रेडिऑलॉजिस्ट. चार लहान रुग्णालयांचे स्कॅन ती घरी बसून वाचायची आणि एकेका स्कॅनमध्ये चारशे-पाचशे चित्रं असायची. त्याच वेळी मुलगा हॉलमध्ये बसून विमा विकायचा, मास्तर मधल्या खोलीत भूमिती शिकवायचे, आणि टीव्हीला स्वतःहून काहीबाही उतरवून घ्यायची खोड होती. पहिले दोन महिने घरात रोज खडाजंगी. ‘तू बंद कर’, ‘मीच का, तू कर’. शेवटी एकदा सिस्टरांनी जेवणाच्या टेबलावर हात आपटला.

“ऑक्सिजनचा एक सिलिंडर आणि चार पेशंट, असा वॉर्ड सांभाळलाय मी. ही फोनातली गंमत मला शिकव. आजपासून कोणाला किती द्यायचं ते मी ठरवणार.”

मुलाने हसत हसत त्यांच्या फोनवर तशी सोय करून दिली. यादीत यंत्रांची नावं म्हणजे नुसते आकडे आणि अक्षरं, वाचताना जीभ अडखळायची. “काय नावं देऊ, आई?” त्याने विचारलं. सिस्टर चटकन म्हणाल्या, “आतली खोली बेड एक, मधली दोन, हॉल तीन, टीव्ही चार.” त्याने तसं टाकलं. त्यावर चेष्टामस्करी भरपूर झाली. मास्तर तर कधीकधी सकाळी ‘सिस्टर, बेड दोनला चहा’ म्हणायचे. पण भांडणं थांबली. गेलं दीड वर्ष सुनेने हाक मारायची, सिस्टरांनी बाकीचे तीन बंद करायचे, काम झालं की पुन्हा चालू करायचे, असं बिनबोभाट चाललं होतं.

“आई! गेली! लाइन गेली!”

बटाटा पुन्हा पातेल्यात पडला. सिस्टर आतल्या खोलीच्या दारात पोचल्या तेव्हा सून एक फोन कानाशी धरून, दुसऱ्या हाताने खटाखट बटणं दाबत होती. पडद्यावर एक चक्र गरगरत होतं. त्याच्याखाली लिहिलं होतं, चारशे वीसपैकी त्रेसष्ट.

“हो डॉक्टर, मी बघतेय,” सून फोनवर बोलत होती. “नाही, अडकलंय. त्रेसष्टच चित्रं आलीत. त्रास सुरू कधी झाला म्हणालात? सात वीस? नक्की सात वीस?” तिने फोनवर हात ठेवला. “आई, बावन्न वर्षांची बाई आहे. उजवी बाजू गेलीय, बोलता येत नाही. अकरा पन्नासच्या आत इंजेक्शन गेलं पाहिजे.”

सिस्टरांना याहून जास्त सांगायची गरज नव्हती. मेंदूत गुठळी अडकली असेल, तर ती विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं. पण आत रक्तस्राव असेल, तर तेच इंजेक्शन जीव घेणार. म्हणून आधी चित्रं बघायची. त्या लहानशा रुग्णालयात चित्रं वाचणारं आज कोणी नव्हतं. ती वाचणारी इथे त्यांच्या घरात चक्र गरगरताना बघत बसली होती.

“माझ्याकडे तर हिरवं दाखवतंय,” सिस्टरांनी फोन पुढे केला.

“मग इथे का येत नाही?”

“डबा बंद करून चालू करा,” मास्तर मागे येऊन उभे राहिले होते. “माझं अडतं तेव्हा मी तेच करतो.”

कोणाला दुसरं काही सुचलं नाही. सिस्टरांनी पॅसेजमध्ये जाऊन डब्याचं बटण दाबलं, दहा आकडे मोजले, पुन्हा दाबलं. लाल दिवा लागला. मग नारिंगी. तो लुकलुकत राहिला. सिस्टरांच्या नकळत त्यांचा उजवा हात स्वतःच्या डाव्या मनगटावर गेला होता आणि त्या नाडी मोजत होत्या. एकशे बारा. अकरा बत्तीसला डब्यावर चारही दिवे हिरवे झाले.

“आली का गं?”

“नाही! चक्रच फिरतंय!”

सुनेने मोबाइलवरून इंटरनेट घेऊन बघितलं. आतल्या खोलीत मोबाइलला कशीबशी एक रेघ मिळायची. ती लॅपटॉप उचलून खिडकीशी गेली, फोन काचेला टेकवला. चौसष्ट. पासष्ट. बऱ्याच वेळाने सहासष्ट. शेवटी तिने पुन्हा घरचीच लाइन जोडली. “डॉक्टर, तुमच्याकडचे दुसरे कोणी? ऑपरेशनमध्ये? बरं. नाही नाही, मी आहे, मी फोन ठेवत नाहीये,” ती हळू आवाजात, फार नम्रपणे बोलायला लागली. डॉक्टर मंडळी असं बोलायला लागली की त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं असतं, हे सिस्टरांनी आयुष्यभर पाहिलं होतं.

तेवढ्यात मुलगा गॅलरीतून आत आला. कानाला मोठाले हेडफोन, काखेत लॅपटॉप. तो कामाच्या कॉलवर असला की जग बुडालं तरी त्याला पत्ता लागायचा नाही.

“काय झालंय? माझं मध्येच जरा गेलं होतं, आता व्यवस्थित चालू आहे.” त्याने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि बायकोच्या खोलीकडे धावला. “अगं, तुझ्याकडेच का जातंय?”

सिस्टर टेबलाशी एकट्या उभ्या राहिल्या. समोरच्या लॅपटॉपवर कोणीतरी गृहस्थ निमूट मान डोलवत बसले होते. लॅपटॉपच्या झाकणाचा कोपरा तुटलेला होता आणि त्यावर औषधाच्या पेटीतली पांढरी चिकटपट्टी होती. ती पट्टी मागच्या वर्षी सिस्टरांनीच लावली होती, सुनेच्या लॅपटॉपला.

आणि मग सकाळ आठवली. त्या मास्तरांच्या गोळ्या डबीत लावत होत्या, सोमवार, मंगळवार, बुधवार. सून चहाचा कप घेऊन जाता जाता म्हणाली होती, “आई, आम्ही आपापसात लॅपटॉप बदललेत हं. ह्याचा पडदा मोठा आहे, मला बारीक बघायला बरा पडतो.” आणि त्यांनी गोळ्यांवरून मान न उचलता म्हटलं होतं, “बरं.”

वॉर्डात खाटेचा नंबर जागेचा असतो. पेशंट येतो, जातो, नंबर भिंतीवर तिथेच राहतो. सिस्टरांनी तशीच नावं दिली होती. पण त्या पांढऱ्या डब्याला खोली, भिंत, खाट यातलं काही कळत नव्हतं. त्याला फक्त यंत्राची ओळख. बेड तीन आता हॉलमध्ये नव्हता. तो आतल्या खोलीत होता, खिडकीशी, सुनेच्या मांडीवर. लाइन द्या म्हणून तिने हाक मारली आणि त्यांनी तिचीच लाइन कापली होती.

त्यांचा अंगठा बेड तीनवर गेला. ठिपका हिरवा झाला. अकरा छत्तीस.

“आली! आली, आली!” आतून सून किंचाळली. “डॉक्टर, आली लाइन! दीडशे, दोनशे... थांबा, कोणी बोलू नका आता.”

पाच मिनिटं फक्त माउसचं चाक फिरवल्याचा बारीक आवाज येत होता. मग सुनेचा आवाज आला, तिचा नेहमीचा, खणखणीत. “रक्तस्राव नाही. डाव्या बाजूला गुठळी आहे. इंजेक्शन देऊ शकता. हो, माझं नाव घाला. लेखी लगेच पाठवते.” तिकडून उलटा निरोप आला, अकरा सत्तेचाळीसला सुई गेली. तीन मिनिटं हातात राखून.

सून खुर्चीतच मागे रेलली आणि तिने डोळे मिटले. मास्तरांनी तिला पाणी दिलं. मुलगा तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. सांगायची वेळ हीच होती. सिस्टर दारात उभ्या होत्या आणि त्यांनी मनाशी म्हटलं, जरा तिला सावरू दे. मग सांगू.

पण ‘मग’ काही लवकर आला नाही. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि बटाटे सोलायला बसल्या.

चाळीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, पुरुषांच्या वॉर्डात खाट नऊवर मधुमेहाचा एक पेशंट होता आणि खाट दहावर, खिडकीशी, हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आलेला एक शिंपी. नऊला खिडकी हवी होती, शिंपी भला माणूस, तो म्हणाला घ्या. वॉर्डातल्या आयाने चादरी बदलून दोघांना इकडचं तिकडे केलं. तिने येऊन सांगितलंही होतं, “सिस्टर, नऊने आणि दहाने जागा बदलल्यात हं.” तेव्हाच्या तरण्याताठ्या सिस्टर केसपेपर लिहीत होत्या. त्या मान न उचलता म्हणाल्या होत्या, “बरं.” संध्याकाळी त्यांनी खाट नऊचं इन्शुलिन खाट नऊवरच्या माणसाला दिलं. तो माणूस शिंपी होता. घामाने न्हाऊन बेशुद्ध पडला, दोन दिवसांनी शुद्धीवर आला. पुढे सहा महिन्यांनी बायकोबरोबर तपासायला आला, तेव्हा बायको सांगत होती की त्याला सुईत दोरा ओवता येत नाही.

चौकशी झाली. “सिस्टर, नंबर बघून दिलंत ना?” साहेबांनी विचारलं. “हो, नंबर बघूनच दिलं,” त्या म्हणाल्या होत्या. त्यात अक्षरही खोटं नव्हतं. आयाने आपल्याला सांगितलं होतं, हे मात्र त्यांनी कोणाला कळू दिलं नाही. परवानगीशिवाय खाटा बदलू दिल्या कोणी, यावर सगळं येऊन थांबलं आणि खापर आयाच्या डोक्यावर फुटलं. दुसऱ्या दिवशी ती आपली पिशवी घेऊन फाटकातून बाहेर पडली. सिस्टर ड्यूटीवर येत होत्या. तिने यांच्याकडे बघितलं आणि रस्त्याच्या त्या बाजूला गेली.

तेव्हापासून सिस्टरांनी कानाला खडा लावला. साधी तापाची गोळी द्यायची असली तरी ‘नाव सांगा’ म्हटल्याशिवाय हात पुढे करायचा नाही. महिनाभर पडून असलेल्या पेशंटलाही विचारायच्या. पेशंट वैतागायचे, डॉक्टर हसायचे, मागे त्यांना ‘नाव-सांगा सिस्टर’ म्हणायचे. निवृत्तीच्या भाषणात सगळ्यांनी त्यांच्या काटेकोरपणाचं तोंड भरून कौतुक केलं. सिस्टर खाली मान घालून ऐकत होत्या आणि लोकांना तो विनय वाटला.

घरी आल्यावर मात्र कधी नाव विचारलं नाही. आपलीच माणसं, त्यांना काय विचारायचं?

दुपारी एकला रुग्णालयाचा फोन आला. बाई बोलायला लागली होती, नवऱ्याला ओळखत होती. उजवा हात मात्र हलत नव्हता. अजून हलेल, नाही हलणार, आत्ताच काही सांगता येत नाही. आणि अकरा मिनिटं उशीर का झाला, याचा खुलासा व्यवस्थापनाला चार वाजेपर्यंत लेखी हवा होता.

“घरी बसून वाचणाऱ्यांवर विसंबता येत नाही, असं म्हणायला त्यांना निमित्तच हवंय,” सून म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. “एकाने सोडलं की बाकीचे तिघेही सोडतील.”

“तू लिही ना, लाइनचा बिघाड, कंपनीची चूक,” मुलगा म्हणाला. “मी तक्रार केलीच आहे. तोच माणूस येतोय, ज्याने गेल्या आठवड्यात बाहेरची तार बदलली. त्याच्याकडून लिहून घेऊ. घोळ त्यानेच घातलाय.”

सिस्टरांनी ताट पुढे सरकवलं.

“तुला बरं वाटत नाही का?” मास्तरांनी विचारलं.

“वाटतंय,” त्या म्हणाल्या.

कंपनीचा माणूस दोनला आला. पन्नाशीकडे झुकलेला, डोक्यावर हेल्मेटचा वळ, खांद्यावर अवजारांची पिशवी. बूट दाराबाहेर काढून ठेवले तेव्हा एका मोज्यातून अंगठा बाहेर आलेला दिसला आणि त्याने तो पाय दुसऱ्यामागे घेतला. त्याने डबा तपासला, तार तपासली, जिना उतरून बाहेरची पेटी उघडून आला, आतल्या खोलीत जाऊन हातातल्या यंत्रावर आकडे बघितले.

“साहेब, इथे काही दोष नाही. आतपर्यंत उत्तम पोचतंय.”

“मग अकरा मिनिटं काय भुताने बंद केलं?” मुलाचा आवाज चढला. “त्याच वेळी माझ्याकडे चालू होतं, हिच्याकडे बंद. तुम्ही तारेला हात लावलात आणि आठवड्यात हे झालं.”

“मी काम नीट केलंय, साहेब. फोटो काढून ठेवलेत मी त्याचे. बघा वाटल्यास.”

“फोटो काय बघू? एका बाईचा हात गेलाय तिकडे!”

त्या माणसाला यातलं काही माहीत नसणार. त्याने सुनेकडे बघितलं, मग मास्तरांकडे, मग पुन्हा डब्याकडे.

“यावर सही करा,” मुलाने कागद पुढे केला. “जोडणीत दोष होता, एवढंच लिहिलंय. तुम्ही केलात असं म्हटलेलं नाही.”

“साहेब, त्याचा अर्थ तोच होतो.” त्याने कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. “यंदाच्या दोन तक्रारी आहेत माझ्या नावावर. तिसरी झाली की घरी बसवतात. एकोणीस वर्षं खांबावर चढतोय मी.” मग जरा थांबून, जणू स्वतःशीच, “तुमच्यासारखी माणसं म्हणतायत म्हणजे काहीतरी राहिलं असेल माझं. पेन द्या.”

पेन मुलाच्या हातातून त्याच्या हातात गेलं. खिशातून चष्मा काढायला त्याला वेळ लागला. चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली होती.

“थांबा,” सिस्टर म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून बघितलं. त्या स्वयंपाकघराच्या दारात दोन्ही हात पुढे बांधून उभ्या होत्या, मोठे डॉक्टर फेरीला आले की वॉर्डात उभ्या राहायच्या तशा.

“सही करू नका. दोष तुमचा नाही. लाइन मी बंद केली.”

“आई, काहीतरी काय?” मुलगा म्हणाला.

“तुम्ही लॅपटॉप बदललेत. यादीत नाव यंत्राला असतं. मी हॉल म्हणून बेड तीन बंद केला आणि तो आत तिच्यापाशी होता. अकरा पंचवीसला बंद केला. अकरा छत्तीसला तुझ्या हातातला लॅपटॉप बघितला, तेव्हा कळलं. मग चालू केला.”

मास्तर हळूच खुर्चीवर बसले. सून जागची हलली नाही.

“आई,” ती म्हणाली, “मी सकाळी तुम्हाला सांगितलं होतं.”

“सांगितलं होतंस.”

“तुम्ही बरं म्हणालात.”

“म्हणाले. ऐकलं नाही, नुसतं बरं म्हणाले.”

“आणि अकरा छत्तीसपासून आत्तापर्यंत तुम्हाला माहीत होतं? मघाशी मी लाइनचा बिघाड म्हणून फोनवर सांगितलं, तेव्हाही?”

“हो.”

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. ते रागाचं होतं, आणि सिस्टरांना तो राग अगदी रास्त वाटला. ती आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर सिस्टरांना बरं वाटलं असतं.

त्या टेबलाशी बसल्या. मुलाने लिहिलेला कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. वॉर्डातलं अक्षर, गोल, ठळक, दोन ओळींत अंतर सोडून. आधी तारीख, मग वेळ, मग काय घडलं. अकरा चोवीस, अकरा पंचवीस, अकरा छत्तीस. ‘यंत्रे बदलल्याचे मला सकाळी सांगण्यात आले होते,’ हेही लिहिलं. लिहिता लिहिता त्या थांबल्या आणि दारात बूट घालणाऱ्या माणसाला त्यांनी हाक मारली.

“तुमचं नाव सांगा. पूर्ण.”

“कशाला, काकू?”

“तुमची चूक नाही, असं लिहायचंय. नुसतं कंपनीचा माणूस लिहून चालत नाही.”

त्याने नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. सिस्टरांनी प्रत्येक अक्षर विचारून विचारून लिहिलं. चाळीस वर्षांपूर्वी फाटकातून गेलेल्या त्या आयाचं नाव त्यांना माहीत नव्हतं. विसरल्या नव्हत्या. सगळे तिला आयाच म्हणायचे आणि नाव कधी विचारलंच नव्हतं. हे आज प्रथमच लक्षात आलं आणि त्यांचं पेन कागदावर जरा वेळ तसंच टेकून राहिलं.

सव्वातीनला त्यांनी आतल्या खोलीचं दार वाजवलं. सुनेने कागद उभ्या उभ्या वाचला, दोनदा.

“हा मला पाठवावा लागेल,” ती म्हणाली.

“त्यासाठीच लिहिलाय.”

“तुमच्या सहीचा. ते विचारतील, घरातली माणसं लाइन बंद-चालू करतात का म्हणून. काम जाईल कदाचित.”

“माहीत आहे, बाळा.” मग सिस्टरांनी फोन टेबलावर, तिच्या हाताशी ठेवला. “हा आता तू ठेव. ही ड्यूटी मला झेपत नाही.”

सुनेने फोनकडे बघितलं. ठेवते म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. दार पुन्हा लागलं.

पुढच्या दोन तासांत मास्तरांचे वर्ग झाले, पण ते आज त्रिकोणाच्या बाजू मोठ्याने म्हणून दाखवत नव्हते. सिस्टरांनी औषधाची पेटी उघडून चिकटपट्टी काढली, तिचे तुकडे कापले, त्यावर नावं लिहिली आणि एकेका लॅपटॉपच्या झाकणावर लावली. आतल्या खोलीतला तेवढा राहिला. मुलाने पट्टीवर लिहिलेलं आपलं नाव वाचलं, मान खाली घातली आणि म्हणाला, “यादीतपण बदलून देतो, आई. सुचायला हवं होतं मला.”

“तुला खाटा माहीत नाहीत,” सिस्टर म्हणाल्या. “मला माहीत होत्या.”

रुग्णालयाकडून उत्तर आलं नव्हतं. हाताचं काय झालं, तेही कळलं नव्हतं.

पाच चाळीसला आतल्या खोलीचं दार उघडलं. सुनेच्या कानाशी फोन होता, डोळे सुजलेले होते आणि मोकळ्या हातात सिस्टरांचा फोन होता.

“शाळकरी मुलगा आहे, सायकलवरून पडलाय, डोक्याला मार आहे,” ती म्हणाली. तिने हात पुढे केला. “आई, लाइन द्या.”

सिस्टरांनी लगेच हात पुढे केला नाही. मग फोन घेतला. घड्याळ बघितलं. यादीत आता बेड नव्हते, नावं होती. त्या मधल्या खोलीच्या दारात गेल्या.

“नाव सांगा.”

मास्तरांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. बेचाळीस वर्षांचा संसार झाला होता. ते खुर्चीतून उठून उभे राहिले आणि त्यांनी आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव सांगितलं. सिस्टरांनी झाकणावरची पट्टी वाचली, फोनवरचं नाव वाचलं आणि ठिपका लाल केला. मुलगा हॉलमध्ये होता. तो काहीतरी गमतीचं बोलणार होता, पण आईचा चेहरा बघून त्यानेही पूर्ण नाव सांगितलं. तिसरा ठिपका टीव्हीचा. त्याला विचारण्यासारखं काही नव्हतं, तरी त्या जवळ जाऊन बघून आल्या.

मग त्या आतल्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. सून पडद्यासमोर बसली होती, एक बाजू दाराकडे.

“नाव सांगा,” सिस्टर म्हणाल्या. आवाज नीट फुटला नाही, म्हणून पुन्हा एकदा म्हणाल्या.

सुनेचा हात माउसवर थांबला. मग पडद्यावरची नजर न काढता तिने हळू, स्पष्ट आवाजात आपलं नाव सांगितलं, लॅपटॉप थोडा मागे सरकवला आणि झाकणाची कोरी बाजू सिस्टरांकडे फिरवली, पट्टी लावायला.